संगणक-शंका : काठावरचा पाऊस आणि इतर अटी

गेल्या महिन्यात या सदरात आम्ही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील अटी आणि तुलना यांविषयी प्रश्न मागवले होते. वाळपईपासून मडगावपर्यंतच्या वाचकांनी आपापल्या अडचणी प्रत्यक्ष प्रोग्रामसह कळवल्या, त्यांपैकी सात येथे घेतल्या आहेत. उत्तरांआधी एक खुलासा करणे आवश्यक आहे. सदराच्या सोयीसाठी येथे सर्व काही देवनागरीत दिले आहे. संगणकावर टंकताना इफ, एलिफ, एल्स, इन, ऑर हे शब्द इंग्रजी लिपीतच लिहावे लागतात. व्हेरिएबलचे, म्हणजे मूल्य ज्यात साठवतो त्याचे, नाव मात्र पायथॉन ३ मध्ये देवनागरीत चालते, म्हणून ‘पाऊस’ किंवा ‘तालुका’ अशी नावे वाचकांनी दिली आहेत तशीच ठेवावीत. आकड्यांची गोष्ट निराळी आहे : प्रोग्रामच्या ओळीत देवनागरी आकडा लिहिला की पायथॉन तेथेच अडतो. हा मुद्दा पुढे म्हापशाच्या पत्रात पुन्हा येईल.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे. नववीची मुले रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजून वहीत लिहितात आणि हवामान खात्याच्या वर्गवारीप्रमाणे त्या दिवसाचा वर्ग ठरवतात. हे काम पायथॉनकडून करून घ्यावे म्हणून आम्ही पुढील ओळी लिहिल्या. एके दिवशी १३० मिलिमीटर पाऊस पडला तरी उत्तर ‘हलका’ असेच येते, आणि ज्या दिवशी थेंबही पडला नाही त्या दिवशी ‘नोंद नाही’ असे येते. मुलांना काय सांगावे?

इफ पाऊस >= २.५:
    वर्ग = "हलका"
एलिफ पाऊस >= १५.६:
    वर्ग = "मध्यम"
एलिफ पाऊस >= ६४.५:
    वर्ग = "मुसळधार"
एल्स:
    वर्ग = "नोंद नाही"

(एक शिक्षिका, वाळपई)

उत्तर : इफ आणि एलिफ यांच्या साखळीत जी अट सर्वांत आधी खरी ठरते, तिच्याखालचेच काम होते आणि उरलेल्या अटींकडे पायथॉन पाहतसुद्धा नाही. १३० ही संख्या २.५ पेक्षा मोठी आहे हे पहिल्याच पायरीवर सिद्ध झाल्यामुळे ‘मुसळधार’पर्यंत पोहोचण्याची वेळच येत नाही. काजूचे गर प्रतीनुसार निवडताना आधी मोठ्या भोकांची चाळण लावतात, तिच्यावर मोठे गर राहतात, खाली पडलेले पुढच्या बारीक चाळणीवर जातात. येथेही क्रम तोच हवा. सर्वांत मोठी मर्यादा वर आणि सर्वांत लहान खाली अशी रचना केली की प्रत्येक संख्या आपल्या योग्य चाळणीवर अडते.

हवामान खात्याच्या वर्गवारीत २.५ ते १५.५ मिलिमीटर हा हलका, १५.६ ते ६४.४ हा मध्यम, ६४.५ ते ११५.५ हा मुसळधार, ११५.६ ते २०४.४ हा अतिमुसळधार आणि त्यावरचा अत्यंत मुसळधार मानला जातो. म्हणजे आपल्या १३० मिलिमीटरच्या दिवसासाठी मुलांच्या प्रोग्राममध्ये वर्गच नव्हता. पूर्ण साखळी अशी होईल :

इफ पाऊस इज नन:
    वर्ग = "नोंद नाही"
एलिफ पाऊस >= २०४.५:
    वर्ग = "अत्यंत मुसळधार"
एलिफ पाऊस >= ११५.६:
    वर्ग = "अतिमुसळधार"
एलिफ पाऊस >= ६४.५:
    वर्ग = "मुसळधार"
एलिफ पाऊस >= १५.६:
    वर्ग = "मध्यम"
एलिफ पाऊस >= २.५:
    वर्ग = "हलका"
एलिफ पाऊस > ०:
    वर्ग = "अत्यल्प"
एल्स:
    वर्ग = "कोरडा"

आपल्या एका सहकाऱ्यांनी दोन्ही मर्यादा लिहाव्यात असे सुचवल्याचे आपण कळवले आहे. पायथॉनमध्ये १५.६ <= पाऊस <= ६४.४ अशी गणिताच्या वहीत लिहितात तशी दुहेरी तुलना लिहिता येते. ही सोय पुष्कळ भाषांत नाही आणि एखाद्या सुट्या अटीसाठी ती मलाही आवडते. येथे मात्र ती वापरू नये, आणि त्याचे कारण आपल्याच पत्रात आहे. शाळेत दोन मापके असून आपण त्यांची सरासरी घेता. एकात ६४.४ आणि दुसऱ्यात ६४.५ मिलिमीटर आले तर सरासरी ६४.४५ येईल, जी मध्यमच्या वरच्या मर्यादेपलीकडे आणि मुसळधारच्या खालच्या मर्यादेअलीकडे आहे. दोन्ही मर्यादा लिहिलेल्या प्रोग्राममध्ये हा पाऊस दोन पाटांच्या मधल्या फटीत पडून थेट एल्सपर्यंत जाईल आणि सत्तरी तालुक्यातला तो धो-धो पावसाचा दिवस ‘कोरडा’ म्हणून नोंदला जाईल. एकच मर्यादा असलेल्या साखळीत अशी फट राहूच शकत नाही, कारण वरच्या पायरीने जे नाकारले तेच खालच्या पायरीकडे येते.

दुसरी अडचण कोरड्या दिवसाची. शून्य मिलिमीटर पाऊस आणि न घेतलेली नोंद या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांच्या आधीच्या प्रयत्नात ‘इफ नॉट पाऊस’ अशी ओळ होती असे आपण लिहिता. पायथॉन अटीच्या जागी शून्य, रिकामी स्ट्रिंग (म्हणजे अवतरणांतला मजकूर), रिकामी यादी आणि नन (म्हणजे ‘मूल्यच नाही’) या सर्वांना असत्यच मानतो, म्हणून त्या ओळीला कोरडा दिवस आणि रविवारी बंद असलेली शाळा यांतला फरक कळला नाही. नोंद नसेल तेव्हा व्हेरिएबलमध्ये नन ठेवावे आणि ‘इज नन’ असे स्पष्ट विचारावे. ही पायरी सर्वांत वर ठेवण्याचेही कारण आहे. पायथॉन ३ मध्ये ननची संख्येशी लहान-मोठी तुलना केली की प्रोग्राम एरर देऊन थांबतो. पायथॉन २ मध्ये ती तुलना निमूटपणे होत असे आणि नन सर्व संख्यांपेक्षा लहान धरले जाई. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली, परंतु जुन्या पुस्तकांतून उतरवलेले प्रोग्राम अजून फिरत असतात.

जाता जाता एक शंका माझ्याकडून. रविवारी मापक कोणी रिकामे केले नसेल तर सोमवारी सकाळी त्यात अठ्ठेचाळीस तासांचे पाणी असते. वर्गवारी चोवीस तासांच्या पावसाची असल्यामुळे सोमवारच्या आकड्याला ती लावणे बरोबर नाही. त्या आकड्याला वर्ग न देण्याची अट मुलांनाच लिहायला सांगावी. मला वाटते, या साखळीपेक्षा त्यांना तीच अधिक शिकवून जाईल.

प्रश्न : आमच्या संस्थेचे सभासद गोव्याच्या बाराही तालुक्यांत आहेत. पेडणे आणि डिचोली येथील सभासदांना वार्षिक सभेसाठी प्रवासखर्च द्यायचा होता, म्हणून मी ‘इफ तालुका == "पेडणे" ऑर "डिचोली"’ अशी अट लिहिली. यादी छापल्यावर काणकोणपासून तिसवाडीपर्यंत सर्वांच्याच नावापुढे प्रवासखर्च आला. प्रोग्राममध्ये एकही एरर नव्हती. (एक लिपिक, डिचोली)

उत्तर : आपली चूक पायथॉनची कमी आणि मराठीची अधिक आहे. ‘तालुका पेडणे किंवा डिचोली असेल तर’ या मराठी वाक्यात ‘असेल’ हे क्रियापद शेवटी एकदाच येते आणि ऐकणारा ते दोन्ही नावांना आपोआप लावून घेतो. पायथॉन तसे लावून घेत नाही. ऑरच्या डावीकडे त्याला एक पूर्ण अट दिसते, ‘तालुका पेडणे आहे का’. उजवीकडे मात्र त्याला नुसते "डिचोली" दिसते. रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग अटीच्या जागी सत्य मानली जाते. म्हणजे आपण प्रत्यक्षात ‘तालुका पेडणे असेल किंवा डिचोली नावाचा शब्द अस्तित्वात असेल तर’ असे लिहून बसलात, आणि तो शब्द सर्वकाळ अस्तित्वात असल्यामुळे काणकोणकरांनाही पैसे मिळाले.

तुलना दोन्ही बाजूंना पूर्ण लिहावी, किंवा त्याहून बरे म्हणजे इन वापरावे :

इफ तालुका इन ("पेडणे", "डिचोली"):

पुढच्या वर्षी सत्तरीची भर पडली तर कंसात एक नाव वाढवले की काम होते.

याच घोटाळ्याचे जुळे भावंड नकारात सापडते. ‘शनिवार किंवा रविवार नसेल तर कार्यालय उघडे’ हे वाक्य मराठीत कोणालाही खटकत नाही, पण तेच ‘वार != "शनिवार" ऑर वार != "रविवार"’ असे उतरवले तर ते प्रत्येक वारी खरे ठरते, कारण शनिवार हा रविवार नसतो आणि रविवार हा शनिवार नसतो. येथे ऑरच्या जागी अँड हवे. नकार कंसाच्या आत नेला की किंवाचे आणि होते, हा तर्कशास्त्रातला नियम एकोणिसाव्या शतकातील गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो, आणि डी मॉर्गन यांचा जन्म मदुराईचा. ‘नॉट इन’ लिहिल्यास तो आठवण्याची गरज पडत नाही.

प्रश्न : ठरावाच्या बाजूने ‘अर्ध्याहून अधिक’ मते असतील तर तो संमत, असा आमच्या मंडळाचा नियम आहे. मी ‘मते >= उपस्थित // २’ अशी अट घातली. १५ जणांच्या सभेत ७ मतांनी ठराव संमत झाल्याचे संगणकाने सांगितले. (एका मंडळाचे चिटणीस, वास्को)

उत्तर : दुहेरी तिरकी रेघ भागाकारातला अपूर्णांक टाकून देते, म्हणून १५ चे अर्धे ७ झाले, आणि ‘अधिक’ याऐवजी आपण ‘अधिक किंवा तितकेच’ हे चिन्ह लिहिले. दोन लहान चुका एकाच दिशेने झुकल्या. भागाकार टाळून ‘मते * २ > उपस्थित’ असे लिहावे, म्हणजे अपूर्णांकाचा प्रश्नच उद्भवत नाही. तटस्थ राहिलेल्यांना ‘उपस्थित’मध्ये धरायचे की नाही हे मात्र आपल्या मंडळाच्या घटनेत पाहावे लागेल, ते संगणक ठरवू शकत नाही.

बरोबरीचे काय, हेही आधी लिहून ठेवावे. आपल्या विधानसभेत ४० सदस्य आहेत. सभापती सोडून ३९ उरतात, पण एखादा सदस्य गैरहजर राहिला तर १९ विरुद्ध १९ अशी स्थिती येऊ शकते, म्हणूनच राज्यघटनेच्या १८९ व्या अनुच्छेदात सभापतींना एरवी मत नसले तरी बरोबरीच्या वेळी निर्णायक मत दिले आहे. मते * २ == उपस्थित ही आपल्या प्रोग्रामची तिसरी शाखा असायला हवी, एल्समध्ये ढकललेली नव्हे.

या एका चिन्हापायी मीही तोंडघशी पडलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वाचनालयासाठी दंडाची आकारणी करणारा छोटा प्रोग्राम मी लिहून दिला होता. नियम होता ‘पंधरा दिवसांसाठी पुस्तक मिळेल’, आणि मी ‘दिवस >= १५’ असेल तर दंड असे लिहिले. पहिल्याच पंधरवड्यात एक वयस्क सभासद पुस्तकाच्या मागच्या पानावर चिकटवलेली तारखांची पट्टी घेऊन काउंटरवर आले. पट्टीवर परत करण्याची म्हणून जी तारीख जांभळ्या शाईच्या शिक्क्याने उमटवलेली होती, त्याच तारखेला ते आले होते, आणि पडद्यावर एक रुपया दंड दिसत होता. ग्रंथपालबाईंनी तो रुपया घेतला नाही. त्या मला एवढेच म्हणाल्या की शिक्का मारताना आम्ही आजचा दिवस मोजत नाही, तुमचा संगणक मोजतो का ते पाहा. तो मोजत नव्हता, पण सवलतीचा पंधरावा दिवस मी दंडात टाकला होता. तेव्हापासून मर्यादेचा अलीकडचा, नेमका मर्यादेवरचा आणि पलीकडचा असे तीन आकडे कागदावर लिहून, प्रत्येकापुढे अपेक्षित उत्तर मांडल्याशिवाय मी तुलनेचे चिन्ह टंकत नाही. १४ ला दंड नाही, १५ ला नाही, १६ ला आहे : एवढे लिहिले की चिन्ह आपोआप ठरते.

प्रश्न : वडील काजूबिया विकत घेतात. एका शेतकऱ्याच्या दोन पिशव्या १.१ आणि २.२ किलोच्या होत्या, पावतीवर एकूण ३.३ होते. मी ‘पहिली + दुसरी == एकूण’ असे तपासले तर पायथॉन फॉल्स म्हणतो. कॅल्क्युलेटरवर तर जुळते. (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सांगे)

उत्तर : ती बेरीज पडद्यावर छापून पाहावी, ३.३००००००००००००००३ असे उत्तर दिसेल. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि एक दशांशाला त्या पद्धतीत अंत नाही, जसा एक तृतीयांशाला आपल्या दशमान पद्धतीत नाही. त्यामुळे १.१ आणि २.२ दोन्ही किंचित चुकीचे साठवले जातात आणि बेरजेत ती चूक दिसू लागते. हे पायथॉनचे वैगुण्य नव्हे. १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या मानकाप्रमाणे अपूर्णांक ठेवणाऱ्या सर्वच भाषांत हेच घडते. साधा कॅल्क्युलेटर मोजकेच आकडे दाखवतो म्हणून तेथे ते झाकले जाते.

मॅथ मॉड्यूलमध्ये इजक्लोज नावाचे फंक्शन पायथॉन ३.५ पासून आहे, जे दोन संख्या पुरेशा जवळ आहेत का हे सांगते. प्रयोगशाळेतील मोजमापांना ते योग्य आहे. काट्यावर मोजलेल्या आणि पैशांत बदलणाऱ्या मालासाठी मी दुसरा मार्ग सुचवेन : वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवावी. ११०० + २२०० == ३३०० हे कधीही चुकत नाही. पावती छापतानाच तेवढे वजनाला हजाराने आणि रकमेला शंभराने भागावे.

प्रश्न : आमच्या ग्रंथसूचीत ‘शेतकऱ्यांसाठी’ हा विषय शोधला तर निम्मीच पुस्तके मिळतात. उरलेल्या नोंदी डोळ्यांना हुबेहूब तशाच दिसतात, पण == फॉल्स येते. ‘ॲलोपॅथी’चेही तेच. आणि काही पुस्तकांचे दाखल क्रमांक देवनागरी आकड्यांत आहेत, ते इंग्रजी आकड्यांशी जुळत नाहीत. (सूचीकार, म्हापसा)

उत्तर : या महिन्यातले मला सर्वांत भावलेले पत्र हेच, कारण या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीतील पाठ्यपुस्तकांत सहसा मिळत नाही.

पायथॉन दोन स्ट्रिंगांची तुलना करताना अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागचे युनिकोड क्रमांक (प्रत्येक अक्षर-चिन्हाला ठरवून दिलेले आकडे) एकामागून एक पडताळतो. मराठीत ‘ऱ्या’ हे जोडाक्षर किमान तीन प्रकारे टंकले जाते. पहिल्या प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, त्याला नुक्ता, मग हलन्त आणि य. तिसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर हे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह आणि मग य. तिन्ही पडद्यावर सारखेच उमटतात. आपल्या नोंदी निरनिराळ्या वर्षांत, निरनिराळ्या कीबोर्डांवर, निरनिराळ्या माणसांनी केल्या असणार, म्हणून ही सरमिसळ झाली. खात्री करून घ्यायची असल्यास लेन या फंक्शनने लांबी मोजावी : ‘शेतकऱ्यांसाठी’ची लांबी पहिल्या प्रकारात १३ भरते, इतर दोन प्रकारांत १४.

युनिकोडडेटा मॉड्यूलमधील नॉर्मलाइज हे फंक्शन एनएफसी पद्धतीने वापरले तर पहिला आणि दुसरा प्रकार एकरूप होतात, कारण र अधिक नुक्ता म्हणजेच ऱ असे युनिकोडनेच मानले आहे. तिसऱ्याला ते हात लावत नाही. ‘ॲ’चीही तीच कथा : ॲ हे एक अक्षर म्हणून टंकलेले आणि अ वर अर्धचंद्राची मात्रा देऊन टंकलेले, ही दोन रूपे युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य नाहीत, म्हणून नॉर्मलाइज केल्यावरही ती वेगळीच राहतात. या दोन्ही ठिकाणी रिप्लेस वापरून बदल आपल्यालाच करावा लागेल. एक छोटे फंक्शन लिहावे. त्यात आधी र-हलन्त-जॉइनर याच्या जागी ऱ-हलन्त घालावे, अ-मात्रेच्या जागी ॲ घालावा, मग नॉर्मलाइज करावे आणि शेवटी स्ट्रिप वापरून दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढाव्यात. सूचीतला शब्द आणि वाचकाने शोधलेला शब्द हे दोन्ही या फंक्शनमधून गेल्यानंतरच == लावावे. नुसती सूची स्वच्छ केली आणि शोधाचा शब्द तसाच सोडला तर पुन्हा तोच प्रश्न उभा राहील.

क्रमांकांचे काम सोपे आहे. "१२" हे देवनागरीत लिहिलेले आणि इंग्रजी आकड्यांत लिहिलेले, या दोन स्ट्रिंगा वेगळ्या आहेत. पण इंट हे फंक्शन दोन्हींपासून बारा ही एकच संख्या देते, देवनागरी आकडे त्याला वाचता येतात. प्रोग्रामच्या ओळीत नाकारलेला देवनागरी आकडा स्ट्रिंगमधून आला की चालतो, हा पायथॉनचा थोडासा विचित्र न्याय आहे. संख्या केल्यावरच तुलना करण्याचे आणखी एक कारण आहे : स्ट्रिंग म्हणून १० हे ९ पेक्षा लहान ठरते, कारण पहिल्याच अक्षरात १ हा ९ च्या आधी येतो.

आपण विचारले नाही, पण पुढच्या पत्रात विचाराल म्हणून सांगून ठेवतो. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. म्हणून < या चिन्हाने किंवा सॉर्टने लावलेल्या यादीत ‘कळ’ हा शब्द ‘कवच’च्या आधी येईल, आणि शाळेत बाराखडी घोकलेल्या वाचकाला ते खटकेल. त्यासाठी वर्णमालेचा आपला क्रम सॉर्टला ‘की’ नावाच्या पर्यायातून द्यावा लागतो.

प्रश्न : == आणि इज यांत फरक काय? दोन्ही चालताना दिसतात. (विद्यार्थिनी, पणजी)

उत्तर : == मूल्य सारखे आहे का विचारते, इज ही मेमरीतील तीच वस्तू आहे का विचारते. सीपायथॉनच्या, म्हणजे सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या पायथॉनच्या, आजवरच्या बहुतेक आवृत्त्या -५ ते २५६ या संख्या आधीच तयार करून ठेवतात आणि सर्वांना त्याच वापरू देतात, म्हणून लहान संख्यांवर इज ‘चालताना दिसते’ आणि २५७ वर दगा देऊ शकते. नन, ट्रू आणि फॉल्स सोडून इतरत्र इज वापरू नये, पायथॉन ३.८ पासून थेट लिहिलेल्या आकड्याशी इज वापरल्यास पायथॉन स्वतःच इशारा देतो.

प्रश्न : हा पायथॉनचा नाही, बॅशचा (टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या ‘शेल’चा) प्रश्न आहे. सर्व्हरची डिस्क ९० टक्क्यांहून अधिक भरली तर मला संदेश यावा म्हणून ‘इफ [ $जागा > ९० ]’ असे लिहिले. संदेश रोज येतो, डिस्क निम्मी रिकामी असली तरी. शिवाय फोल्डरमध्ये ‘९०’ नावाची एक फाइल आपोआप तयार झाली आहे. व्हायरस असेल का? (तंत्रसाहाय्यक, मडगाव)

उत्तर : व्हायरस नव्हे, फाइल आपणच केली आहे. बॅशमध्ये उघडणारा चौकोनी कंस हे चिन्ह नसून एका आज्ञेचे नाव आहे, त्यामुळे त्याच्यापुढे मोकळी जागा सोडावी लागते. आणि > हे चिन्ह शेलला आज्ञेचे उत्तर फाइलमध्ये ओतण्यासाठी माहीत आहे. शेलने ‘९०’ नावाची फाइल उघडली, त्या आज्ञेकडे फक्त $जागा उरले, आणि ते रिकामे नाही एवढ्यावरच अट खरी ठरली.

संख्यांच्या तुलनेसाठी वजाचे चिन्ह आणि त्याला जोडून जीटी ही दोन अक्षरे लिहावीत, किंवा दुहेरी गोल कंस वापरावा : (( जागा > ९० )). बॅशमध्ये व्हेरिएबलची नावेही इंग्रजी लिपीतच हवीत, तेव्हा ‘जागा’ हे नाव इंग्रजी अक्षरांत टंकावे. दुहेरी चौकोनी कंसाने मात्र काम भागणार नाही, कारण त्यातील > स्ट्रिंगांची तुलना करतो आणि पूर्ण भरलेली १०० टक्के डिस्क त्याला ९० पेक्षा लहान वाटेल. म्हणजे ज्या रात्री संदेशाची सर्वाधिक गरज असेल, नेमका त्याच रात्री तो येणार नाही. डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या डीएफ या आज्ञेच्या उत्तरात आकड्याला टक्क्याचे चिन्ह चिकटून येते, ते तुलनेआधी काढून टाकावे, नाहीतर जीटी पूर्णांक हवा असल्याची तक्रार करील.

‘९०’ नावाची ती फाइल रिकामीच असेल. एलएसने तिचा आकार शून्य बाइट असल्याचे पाहून घ्यावे आणि खुशाल काढून टाकावी. ती उद्या पुन्हा दिसली तर स्क्रिप्टची जुनी प्रत अजून कोठेतरी चालू आहे असे समजून क्रॉनच्या (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीच्या) नोंदी तपासाव्यात.